रविवारचं कालवण तेच, आत वाघ्या घेवडा

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातून एका ताईंनी लिहिलंय:

«आमच्या ह्यांनी या आषाढीला पंढरपुरात माळ घातली. सासूबाईंची आधीपासूनच आहे, त्यांचं वेगळं शिजायचं. आता घरात मटण, अंडी बंदच करायचं ठरलंय. कांदा-लसूण चालतो. माझी तक्रार नाही, पण पोरांचं काय करू? मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. रविवारी मटण, बुधवारी अंडी असायची. धाकटा अळणी भात (मटणाच्या बिनतिखट पाण्यात कालवलेला) आणि अंड्याची पोळी सोडून फारसं काही खात नाही, मटकीची उसळ तोंडात गेली की ओकाऱ्या काढतो. थोरली कालवणातला कांदा-टोमॅटो निवडून ताटाच्या कडेला लावते, वांग्याला हात लावत नाही. सकाळी दोघांना चहा-चपातीच लागते, दूध नको म्हणतात. सासूबाई मोबाइल दाखवून भरवतात. सगळं एकदम बंद करावं की हळूहळू? पोरं अशक्त होतील का? आणि मामाच्या गावच्या जत्रेला गेल्यावर काय सांगायचं?»

ताई,

आधी आठवड्याचा हिशेब मांडू. दोन वेळचं जेवण धरलं तर आठवड्यात १४ जेवणं होतात. त्यात रविवारी दुपारचं मटण, रात्री त्याचंच उरलेलं कालवण आणि बुधवारची अंडी, अशी तीन. उरलेली ११ जेवणं तुमच्या घरी आजही शाकाहारीच आहेत. म्हणजे तुम्हाला तीन जेवणांची जागा भरायची आहे, सगळं घर बदलायचं नाही. माळ घातल्यावर बऱ्याच घरांत उत्साहाच्या भरात एकदमच सगळं सुरू होतं. नाचणी येते, मोड आलेली कडधान्यं येतात, कोशिंबिरी येतात, साखर बंद होते. मटणाबरोबर ओळखीचं सगळंच जेवण गेलं असं पोरांना वाटतं आणि ती हट्टाला पेटतात. त्या ११ जेवणांना पहिला महिनाभर हात लावू नका. वरण-भात खात असतील तर वरण-भात, बटाट्याची भाजी खात असतील तर बटाट्याची भाजी.

मटण-अंडी मात्र घरात एकदम बंद करा. पंधरा दिवसांतून एकदा, रडल्यावर, लपूनछपून असं ठेवलं तर रडून मिळतं एवढंच पोरं शिकतात. बंद करायचं ते एका दिवसात, नवीन आणायचं ते सावकाश.

आता त्या तीन जेवणांत पोरांना नेमकं काय आवडत होतं ते बघा. पाच वर्षांच्या मुलाच्या अळणी भातात मटण असतं किती? बहुतेक वेळा एखादी मऊ फोड. बाकी असतं ते पाणी, हळद, मीठ, आलं-लसूण आणि वर तरंगणारी चरबी. थोरलीला रविवारच्या कालवणात आवडतो तो कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. या चवी शाकाहारात जशाच्या तशा ठेवता येतात. पोरं नाराज होतात ती मटणाच्या जागी भोपळ्याची भाजी आली म्हणून. रविवारी दुपारी वाफ आणि वास तोच असला पाहिजे, ही आमच्या दृष्टीने या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे.

धाकट्यासाठी मसुराचं अळणी करा. २०० मिलिची वाटी धरा. पाव वाटी मसूर डाळ (साधारण ४० ग्रॅम) धुऊन तीन वाट्या पाणी, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं आणि पाव चमचा हळद घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या करा. घोटून गाळून घ्या. दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस आणि एक चमचा तीळ कोरडेच भाजा, गंधासारखे बारीक वाटा आणि त्यात घालून पाच मिनिटं उकळा. मटणाच्या पाण्याचा स्निग्धपणा येतो तो या वाटणामुळे. मीठ घाला, वरून एक चमचा तूप. फोडणी नको. मोहरी-कढीपत्ता पडला की त्याचं वरण होतं आणि पोरगं पहिल्या घासाला ओळखतं. खोबरं काळं होईपर्यंत भाजलं तर अळणी कडवट होतं, बदामी रंगावर थांबा. एवढं दोघांना पुरतं आणि प्रत्येकाच्या पोटात डाळीची सुमारे पाच ग्रॅम प्रथिनं जातात.

उसळ तोंडात गेली की ओकारी येते ते नाटक आहे असं समजू नका. अळणी भात आणि अंड्याची पोळी दोन्ही मऊ, एकसारखे पदार्थ आहेत, दाताखाली अचानक काही येत नाही. मटकीचं साल चिवट आणि आतला दाणा पिठूळ. अशा मुलांना चवीपेक्षा दाताखालचा पोत खटकतो. म्हणून पायऱ्या करायच्या. आधी आठ-दहा दिवस गाळलेलं अळणी. मग न गाळता, फक्त घोटून. मग त्यातच एक चमचा अख्खा मसूर, अगदी मऊ शिजवलेला. मग अर्धा अख्खा, अर्धा घोटलेला. तिथून कराड-सांगली पट्ट्यात ढाब्यांवर मिळतो तसा अख्खा मसूर फार लांब नाही, घरी फक्त तिखट कमी. मटकी सगळ्यात शेवटी, तीही मोड फार लांब न येऊ देता. एखाद्या पायरीवर अडला तर एक पायरी मागे या आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा वर चढा.

रविवारसाठी तुमच्या तालुक्यातच सोनं पिकतं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला (राजम्यासारखं पट्टेदार दाण्याचं कडधान्य) भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि दाट कालवणात मटणाच्या जागी उभं राहील असं दुसरं कडधान्य आम्हाला तरी दिसत नाही. चौघा-पाचजणांना १५० ग्रॅम घेवडा घ्या. रात्री भरपूर पाण्यात दहा तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या, त्यातच शिजवू नका. नव्या पाण्यात कुकरची एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर २० मिनिटं. दाणा दोन बोटांत धरला की लोण्यासारखा दबला पाहिजे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या घेवड्यात असा घटक असतो की त्याने उलट्या-जुलाब होतात, तो खळखळून उकळल्यावरच जातो. तेव्हा «थोडा कचवट राहिला, चालेल» असं घेवड्याच्या बाबतीत चालत नाही. दाणा शिजतच नसेल तर कारणं बहुधा तीन. घेवडा दोन-तीन वर्षं जुना, पाणी बोअरचं जड, किंवा टोमॅटो-चिंच आधीच घातलेली. आंबट कायम दाणा शिजल्यावर घालायचं. जड पाण्यासाठी भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका आणि सकाळी ते पाणी फेका.

वाटण चार-पाच दिवसांचं एकदम करून ठेवता येतं. चार मध्यम कांदे (साधारण ४०० ग्रॅम) गॅसवर सालीसकट भाजा किंवा उभे चिरून तेलात लाल करा. ५० ग्रॅम सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, २० लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, मूठभर कोथिंबीर. सगळं कमीत कमी पाण्यात बारीक वाटा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. कांदा अर्धवट भाजला तर कालवण उग्र आणि गोडसर लागतं, ही चूक सगळ्यात जास्त होते. दीडशे ग्रॅम घेवड्याला अर्धी वाटी वाटण, तेल सुटेपर्यंत परता, मग पोरांसाठी एकच चमचा कांदा-लसूण मसाला. मोठ्यांना तिखट हवं तर वेगळ्या कढल्यात तेलात मसाला फुलवून कट करा आणि वरून घ्या. शेवटी मूठभर घेवडा डावाने घोटून कालवणात मिसळा, त्याशिवाय दाटपणा येत नाही, पाणी वेगळं आणि दाणे वेगळे राहतात. थोरली कांदा-टोमॅटो निवडते म्हणालात. इथे सगळं वाटणात गेलेलं असतं, निवडायला काही उरत नाही. बाजरीची भाकरी, भात, लिंबाची फोड. रविवारचा थाट पुरा करा, सगळे एकत्र बसा.

बुधवारची अंड्याची पोळी. अर्धी वाटी बेसन (साधारण ४० ग्रॅम), अर्धी वाटी पाणी, हळद, मीठ, कोथिंबीर. गुठळ्या मोडून दहा मिनिटं ठेवा. तवा चांगला तापवा, तेल सोडा, पीठ ओतून आच मध्यम करा, झाकण ठेवून दोन मिनिटं, उलटून आणखी दीड. आच मोठी ठेवली तर बाहेरून करपतं आणि आत कच्च्या बेसनाची चव राहते, पोरं त्यानेच नाक मुरडतात. चिटकत असेल तर तवा तापलेला नाही किंवा पीठ फार घट्ट आहे. शेवटी चिमूटभर काळं मीठ भुरभुरा. त्यात गंधकाचा अंश असतो, म्हणून वास अंड्याकडे झुकतो. धाकट्याला एका पोळीत नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, एका अंड्यात सहा-सात असतात. पोळी रुळली की त्याच पिठात दोन चमचे किसलेला दुधी किंवा गाजर. पहिल्या दिवशीच नको.

सोयाबीनच्या वड्या आठवड्यातून दोनदा चालतील. चौघांना ५० ग्रॅम पुरतात. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, थंड पाण्यात घालून दोनदा करकचून पिळा. पिळल्या नाहीत तर त्यांचा तो कोंदट वास जात नाही आणि पोरं एकदा ज्या वासाला नाही म्हणाली त्याला वर्षभर हो म्हणत नाहीत. पिळलेल्या वड्या दह्यात आणि मसाल्यात २० मिनिटं ठेवून मग परता. पनीरची भुर्जी करायची तर पनीर शेवटी घालून दोन-तीन मिनिटंच, जास्त शिजलं की रबरासारखं होतं. हे मटणच आहे असं खोटं सांगून मात्र काही भरवू नका. एकदा फसवणूक कळली की पोरं पुढचे चांगले पदार्थही तपासून बघतात.

आता ताटावरचं. यात सासूबाईंची साथ लागेल आणि त्यांना हे तुमच्यापेक्षा ह्यांनी सांगितलेलं बरं. काय वाढायचं, किती वाजता आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते पोराने. ताटात एक तरी पदार्थ तो हमखास खातो असा ठेवा, दहीभात असेल तर दहीभात, आणि नवा पदार्थ एकच, एक चमचा, न बोलता. नाही खाल्ला तर ताट उचला, भाषण नको. तोच पदार्थ तीन-चार दिवसांनी पुन्हा एक चमचा. मुलं नवा पदार्थ घ्यायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा तो समोर यायला लागतो आणि बहुतेक घरांत तिसऱ्या वेळेलाच «याला आवडत नाही» असा शिक्का बसतो. «भाजी संपव, मग चॉकलेट देते» हे वाक्य घरातून काढून टाका. त्याने भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस हेच पक्कं होतं. मोबाइल बघत खाणारं पोर पोट भरल्याचं ओळखत नाही आणि तोंडात काय गेलं तेही त्याला कळत नाही, मग नवी चव रुळणार कशी? एकदम काढू नका. आधी रात्रीचं जेवण मोबाइलशिवाय, सगळे एकत्र. जेवण ३० मिनिटांत आटपायचं.

संध्याकाळी सहाला बिस्किटाचा पुडा आणि आठला «जेवतच नाही» ही तक्रार एकमेकांना बांधलेली आहे. जेवणाआधी दोन-अडीच तास पाण्याशिवाय काही नको. शाळेतून आल्यावर शेंगदाणे आणि फुटाणे जरा सढळ घालून केलेलं भडंग, गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा मूठभर बेदाणे. धाकट्याला शेंगदाणे बसवूनच द्या, पळता-खेळताना नको, ठसका लागतो.

अशक्तपणाची भीती आकड्यांनी घालवू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅम आणि नऊ वर्षांच्या मुलीला २३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. धाकट्याचा दिवस बघा: २०० मिलि दूध साडेसहा ग्रॅम, एक चपाती तीन, मूठभर तांदळाचा भात तीन, अळणीतली डाळ पाच. साडेसतरा झाले. थोरलीला दूध तेवढंच, दीड भाकरीचे सात-साडेसात, घेवडा किंवा डाळीचे सहा-सात आणि मूठभर शेंगदाण्यांचे साडेतीन. तीही पोचते. डाळ आणि धान्य दोन्ही रोज पोटात जाऊ देत, कारण धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी ते धान्यात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, वर दूध-दही, हे प्रमाण चांगलं.

खरी काळजी दोन गोष्टींची करायची आणि त्यात पहिलं ब १२ जीवनसत्त्व. ते कुठल्याही पालेभाजीत, कडधान्यात, मोडात किंवा इडलीच्या पिठात भरवशाचं मिळत नाही. अंडी-मटण बंद झाल्यावर तुमच्या घरात ते येणार फक्त दूध, दही, पनीर यांतून. म्हणून «दूध नको म्हणतात» ही तुमच्या पत्रातली ओळ आम्हाला उसळीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. दिवसाला दूध-दही मिळून ३५० ते ४०० मिलि पोटात गेलं पाहिजे. चहातलं दोन चमचे दूध यात धरू नका, पाणीदार ताकही नाही. दूध पेल्यातूनच प्यायला हवं असं नाही. घट्ट दही-भात, शेवयांची किंवा तांदळाची खीर, दुधात कालवलेली भाकरी, चक्का, सगळं चालतं. पण ५०० मिलिच्या वर नेऊ नका, दुधानेच पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. दोघांपैकी कोणी दूध-दही अजिबातच घेत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ब १२ चं औषध सुरू करा. याची कमतरता लगेच दिसत नाही, शरीरातला साठा काही महिने, कधी वर्षभराहून जास्त पुरतो, आणि म्हणूनच ती नजरेआड राहते. ह्यांनाही हे लागू आहे. त्यांना मुंग्या येणं, जीभ लाल होणं, उगाच थकवा असं काही झालं तर तपासणी करा.

दुसरं लोह. मटणातलं लोह शरीर सहज उचलतं, डाळी-पालेभाज्यांतलं कमी उचलतं. त्यावर उपाय लिंबू. घेवड्यावर, अख्ख्या मसुरावर, मेथीवर पिळायचं, किंवा जेवणानंतर पेरू. आणि जेवणासोबतचा चहा बंद करायचा, कारण चहातला तुरट घटक लोह अडवतो. सकाळची चहा-चपाती म्हणूनच मोडायची आहे, पण रोज एक-एक घोट कमी करत: आधी चहात दूध जास्त, पावडर कमी, मग नुसतं दूध-चपाती किंवा तूप-गूळ-चपाती. दूधही लोहाच्या जेवणाबरोबर नको, मधल्या वेळेला. शाळेत आठवड्याला गुलाबी रंगाची लोहाची गोळी आणि फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते. ती पोटात जाते की दप्तरात राहते ते बघा. पोटात जंत असतील तर ताटातलं लोह वाया जातं.

एकादशीचं एक सांगायला हवं. महिन्यातून दोनदा घरात साबुदाणा शिजणार. साबुदाण्यात पिष्ट सोडून फारसं काही नाही. पोरांना उपास धरायला लावू नका. तीही खिचडी मागतील. मग कूट सढळ घाला, सोबत दही द्या आणि एक वेळ तरी नेहमीचं जेवण.

मामाच्या गावची जत्रा. माळ ह्यांनी घातली आहे, पोरांनी नाही. घरात काय शिजेल हे तुम्ही ठरवलंत, ते बरोबरच आहे. पण मामाच्या घरी पंगतीत बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या ताटातून फोड काढून घेऊ नका. «आपल्या घरी आपण खात नाही, मामाकडे तुला हवं तर घे, नको असेल तर नको म्हण» एवढं दोघांना आधीच सांगा आणि मामीलाही कळवा. आल्यावर काय खाल्लं याची उलटतपासणी नको, ती झाली की पोरं खोटं बोलायला लागतात. थोरली नऊ वर्षांची आहे, वारी म्हणजे काय, बाबांनी माळ का घातली हे तिला ह्यांनीच बसून सांगावं. पुढे माळ घालायची की नाही ते तिचं ती ठरवेल. सासूबाईंना हे पटायला वेळ लागेल, पण नातवंडांवर माळेची सक्ती झाली तर ती विठ्ठलावरच रुसतील, हे त्यांना समजेल.

सुरुवात करण्याआधी दोघांचं वजन आणि उंची कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. या वयाला साडेअकराच्या खाली असेल तर आधी डॉक्टरांचा उपचार, नुसत्या आहाराने ते लवकर भरून येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा वजन घ्या. वाढ थांबली असेल, किंवा धाकट्याच्या ताटातले पदार्थ वाढायच्या ऐवजी कमी होत होत चार-पाचांवर आले असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि तो आठवडाभर काय काय खातो ते एका कागदावर लिहून सोबत न्या.